नातूसरांना दिलेलं दुसरं मत

नलिनीवहिनी, मेधा, जावईबापू, शेजारपाजारची मंडळी, आणि मागं दाराशी ताटकळत उभे राहिलेले सरांचे विद्यार्थी. अरे, आत या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. केस पिकले तरी तुमची मागं उभं राहायची सवय जात नाही. या, बसा.

मला बोलायला उभं केलंय खरं. पण मंडळी, जमेल असं वाटत नाही. मुलींच्या शाळेत आख्खी नोकरी केली, वर्गात कधी शब्द अडला नाही माझा. आज सकाळपासून मनातल्या मनात चार वाक्यं जुळवतेय, आणि तिसऱ्या वाक्याला पहिलं विसरतेय. तेव्हा मी जशी बोलते तशीच बोलणार. मधेच थांबले तर सांभाळून घ्या. आणि फार लांबलं तर वहिनी मला थांबवतीलच. त्या कुणाची भीड ठेवत नाहीत.

मी शशिकला बेंद्रे. बिबवेवाडीची. आता सरांशी माझं नातं काय? तर मी त्यांची विरोधी उमेदवार. हसू नका. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत नातूसर अपक्ष उभे होते, आणि त्यांच्याविरुद्ध मी अपक्ष उभी होते. आम्ही दोघंही पडलो. शोकसभेत विरोधी उमेदवाराला मुद्दाम बोलायला बोलावणारं घर आख्ख्या शनिवार पेठेत हे एकच असेल.

आत्ता माझ्या आधी एक साहेब बोलून गेले. म्हणाले, नातूसर अजातशत्रू होते. साहेब, रागावू नका, पण अजिबात नव्हते! सरांनी ज्याच्या चुका काढल्या नाहीत असा माणूस या सभागृहात असेल तर हात वर करा. बघा, एकही हात नाही. वहिनींचा तर नाहीच नाही. पण गंमत अशी की ज्यांच्या ज्यांच्या चुका काढल्या ते सगळे आज इथं बसलेत. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

माझीही पहिली भेट तशीच झाली. अर्जांच्या छाननीचा दिवस होता. निवडणूक कार्यालयाच्या बाहेर बाकावर मी बसले होते, हातात माझी नवी कोरी पत्रकं. शेजारी एक उंच, वाळका माणूस येऊन बसला. पांढरा सदरा, खिशाला पेन. त्यांनी न विचारता एक पत्रक उचललं, चष्मा वर केला, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "बाई, पत्रक उत्तम आहे. फक्त शेवटी 'आमच्या चिन्हासमोरील बटण दाबा' असं छापलंय. या निवडणुकीत चिन्हही नसतं आणि बटणही नसतं."

बघितलं तर खरंच. छापखानेवाल्यानं महापालिकेच्या निवडणुकीचा मजकूर खाली तसाच ठेवला होता. आणि गठ्ठेच्या गठ्ठे छापून झालेले! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मी म्हटलं, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?" तर म्हणाले, "कुणी नाही. मला सहसा कुणी विचारत नाही." आणि खिशातलं पेन काढून एकेका पत्रकावरची ती शेवटची ओळ खोडायला बसले. माझी पत्रकं! शेवटी मीही पेन काढलं. छाननीचा पुकारा होईपर्यंत दोन विरोधी उमेदवार एका बाकावर बसून एकाच उमेदवाराची पत्रकं दुरुस्त करत होते. अशी झाली आमची ओळख.

आता ज्यांना ही निवडणूक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सरांनी मला सांगितलं तसंच सांगते. मतपत्रिकेवर नावं असतात. केंद्रावर एक जांभळा स्केचपेन देतात. आपल्याला सगळ्यात पसंत असेल त्याच्या नावापुढं एक लिहायचा, त्याच्या खालोखाल पसंत त्याला दोन, मग तीन. पहिल्या मोजणीत कुणालाच पुरेशी मतं मिळाली नाहीत, तर ज्याचे 'एक' सगळ्यांत कमी तो बाद. पण तो बाद झाला म्हणून त्याची मतं फुकट जात नाहीत. त्याच्या गठ्ठ्यातली एकेक मतपत्रिका उघडायची आणि तिच्यावर 'दोन' कुणापुढं आहे ते बघून त्याला द्यायची. झालं. इतकं साधं आहे. पण सर म्हणायचे, "मतदार पदवीधर आहे, म्हणजे त्याला एक-दोन लिहिता येईल असं सरकारनं गृहीत धरलंय. दर वेळी सरकार तोंडावर पडतं." कुणी बरोबरची खूण करतं, कुणी झोकात सही ठोकून येतं. सगळी मतं बाद!

बरं, सर प्रचार कसा करायचे? इथल्या बऱ्याच जणांच्या दारात ते आलेले असणार, तेव्हा तुम्हाला ठाऊक आहे. सर पहिलं मत कधी मागायचेच नाहीत. दारात उभं राहून म्हणायचे, "पहिलं मत तुमच्या मनात ज्याला असेल त्याला द्या. दुसरं मला द्या."

एकदा कोथरूडला एकाच सोसायटीत आमची गाठ पडली. मी उतरत होते, ते चढत होते. मी मुद्दाम थांबून ऐकलं. तिथले एक निवृत्त गृहस्थ दार अर्धं उघडून विचारत होते, "अहो, दुसरंच मागायचं तर उभे कशाला राहिलात?" सर म्हणाले, "पहिलं मागितलं की तुम्ही हो म्हणाल. ते खोटं आहे हे मला कळेल, मला कळलंय हे तुम्हाला कळेल, आणि मग तुम्ही दिलेला चहा दोघांनाही गोड लागणार नाही." गृहस्थ म्हणाले, "मी चहा कुठं देतोय?" सर म्हणाले, "म्हणून तर दुसरं मत मागतोय!" त्या माणसाला इतकं हसू आलं की त्यानं दार पूर्ण उघडलं. चहा झाला. दुसऱ्या मताचा शब्दही मिळाला.

मी खाली वाट बघत थांबले होते. राहवलं नाही मला. म्हटलं, "सर, तुम्ही गणिताचे ना? मग हे कसलं गणित? सगळ्यांनी तुम्हाला दुसरं मत दिलं, तर तुमचे 'एक' येणार कुठून? तुम्ही पहिल्या फेऱ्यांतच घरी जाल. आणि ज्यांचे उमेदवार शेवटपर्यंत टिकतील त्यांचे 'दोन' तर कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही. सगळी मेहनत पाण्यात!"

सर शांतपणे पायऱ्या उतरत होते. म्हणाले, "बाई, मत दिलेलं असतं. मोजलं नाही, म्हणून दिलं नाही असं होत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, याच्याशी कोण बोलणार!

तसा हा माणूस माझ्या घरीही आला. मत मागायला. माझ्याच घरी! माझे यजमान पदवीधर, म्हणून. माझ्या सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. बिबवेवाडी गाव होतं, शेतं होती, तेव्हाच्या त्या. त्यांनी सरांना बसायला दिलं, पाणी दिलं, आणि आत येऊन मला म्हणाल्या, "ह्यो मानूस तुज्याइरुद्ध उबा हाय ना? मंग हितं कशापायी आलाय?" मी म्हटलं, दुसरं मत मागायला. सासूबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "घरातलं दुसरं मागतोय म्हंजी पयलं तुजं हाय ह्ये त्यो मानतोय. च्या टाक त्याला." माझ्या सासूबाई शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. पण सर पुढं कायम म्हणायचे, "या मतदारसंघाचा अर्थ बिबवेवाडीच्या ओसरीवर जेवढा कळला तेवढा कुठं कळला नाही. फक्त त्यांना मत नव्हतं."

आणि सरांची मागणी काय होती? आम्ही बाकीच्यांनी पत्रकात काय काय लिहिलं होतं. रोजगार, भरती, परीक्षा, महाविद्यालयं. मीही लिहिलं होतं. सरांच्या पत्रकात एकच मागणी होती. प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात रोज तासभर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक माणूस असावा. बस्स. लोकांनी काय टिंगल केली म्हणून सांगू! एका सभेत कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आम्हाला वाचता येतं!" सर म्हणाले, "आज येतं."

मीसुद्धा विचारलं होतं, विधान परिषदेत जाऊन हे मागणार तुम्ही? म्हणाले, "बाकी सगळं बाकीचे मागतायत. हे उरलं होतं."

तेव्हा मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. नलिनीवहिनींचा काचबिंदू त्याच सुमाराला बळावला होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता हळूहळू दिसायचं थांबणार. ज्या बाईनं बँकेच्या नोकरीतही डब्याच्या सुट्टीत पुस्तकाशिवाय घास घेतला नाही, तिला. सरांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चार मतं जास्त पडली असती. पण बायकोच्या डोळ्यांवर मत मागणारा तो माणूस नव्हता.

वहिनींनी कुणाला मत दिलं ते सांगू का? वहिनी, सांगू? सांग म्हणतायत. वहिनींनी मतदानाच्या दिवशी संध्याकाळी घरात जाहीर करून टाकलं, "मी पहिलं मत बेंद्रेबाईंना दिलं. त्यांचं पत्रक चांगलं होतं." सरांनी विचारलं, "आणि दुसरं?" वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला. तुम्हीच नाही का गावभर मागत फिरत होतात?" सर इतके खूश झाले! दुसऱ्या दिवशी मला सांगतात कसे, "बाई, माझा प्रचार अचूक पोहोचलाय. पुरावा घरातच आहे."

मग मोजणीचा दिवस. मोठं गोदामासारखं सभागृह, लांबच लांब टेबलं, प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा एकेक खण. मोठ्या पक्षांच्या उमेदवारांची फौज जाळीच्या पलीकडं. आमची फौज म्हणजे मी, सर आणि वहिनींनी दिलेला पोळीभाजीचा डबा. सर प्रत्येक बाद मत वाकून बघायचे आणि हळहळायचे. एका मतपत्रिकेवर सरांच्या नावापुढं एक होता, आणि खाली कुणा विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, 'सर, आशीर्वाद असू द्या.' झालं, मत बाद! अधिकाऱ्यांनी सरांना दाखवलं. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. भावना वैध, मत अवैध." पण मी बघत होते. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. तू कोण होतास रे बाबा? आज इथं बसला असशील तर ऐक. आशीर्वाद मिळाला तुला.

पहिली मोजणी झाली. कुणालाच पुरेशी मतं नाहीत. मग एकेक उमेदवार बाद व्हायला लागले. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचं नाव पुकारलं. आता त्यांचा छोटासा गठ्ठा सोडायचा, आणि त्यातल्या 'दोन'ची वाटणी करायची.

मंडळी, मी तेव्हा कशी बसले होते सांगते. माझ्या पुढं एक बडे बंडखोर उमेदवार होते. त्यांच्या गाड्यांची रांगच दिसायची. आणखी एक-दोन फेऱ्यांत मी जाणार हे दिसत होतं. बिबवेवाडीत भावकीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "बाईमाणसाला हौस फार. झटक्यात घरी येतीय बघा." मला जिंकायचं नव्हतं हो. मला फक्त असं झटक्यात घरी जायचं नव्हतं. तेवढीच अब्रू उरली होती.

कर्मचारी सरांच्या मतपत्रिका उघडू लागले. पहिली उघडली. दोन कुणाला? बेंद्रे. माझ्या खणात. दुसरी उघडली. बेंद्रे. पुढची, बेंद्रे. त्या पुढची, बेंद्रे. मला आधी वाटलं, योगायोग. मग कर्मचारीच एकमेकांकडं बघायला लागले. मी सरांकडं वळले. ते डब्यातली लोणच्याची फोड शोधत होते.

मी म्हटलं, "सर, हे काय आहे?"

म्हणाले, "काही नाही. मला एक नंबर द्यायचा वेडेपणा करणारे थोडे लोक होतेच. विद्यार्थी, गल्लीतले, नात्यातले. त्यांना सांगून ठेवलं होतं. मला एक देणारच असाल तर दोन बेंद्रेबाईंना द्या. माझं काही फार चालायचं नाही. त्यांचं निदान काही काळ चालेल."

"पण का?" मी विचारलं. मला तर त्यांनी एका शब्दानं कधी जाणवू दिलं नव्हतं.

तर म्हणाले, "त्या दिवशी बाकावर तुम्ही चिडलात, पण दुरुस्ती केलीत. पुण्यात माणसं एक तर चिडतात, नाही तर दुरुस्ती करतात. दोन्ही करणारी पहिल्यांदा पाहिली."

मी त्या बड्या उमेदवाराच्या पुढं गेले. आणखी काही फेऱ्या टिकले. मग पडले. घरी गेले, तर सासूबाई दारातच. म्हणाल्या, "हारलीस. पन उशिरानं हारलीस." आणि माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. भावकीतलं कुणी पुन्हा त्या विषयावर बोललं नाही. मंडळी, ते उशिरानं हरणं मला नातूसरांनी दिलं. आयुष्यात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ दिलं. पण स्वतः बाद होताना दुसऱ्याच्या खणात आपलं सगळं टाकून, वर लोणच्याची फोड शोधणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर मी या घरातलीच झाले. मेधा, तुला आठवत असेल, तू पहिल्यांदा मला विचारलं होतंस, "तुम्ही बाबांच्या विरोधात होतात ना?" आणि वहिनी आतून म्हणाल्या होत्या, "अगं, मी तर लग्न झाल्यापासून आहे."

वहिनींचं दिसणं गेलं. सरांची मागणी काही विधान परिषदेत पोहोचली नाही. मग त्यांनी ती घरात मंजूर केली. रोज सकाळी चहा झाला की गॅलरीत दोन खुर्च्या, आणि सरांचं वाचन सुरू. आधी वर्तमानपत्र, मग पुस्तक. वर्गात वाचायचे त्याच आवाजात! आख्ख्या बोळाला ऐकू जायचं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पेपरवाल्याला सांगून पेपर बंद केला. म्हणाले, "नातू वाचतातच. मग आम्ही कशाला घ्यायचा?" एकदा सरांचा घसा बसला होता, तर हेच गृहस्थ वर येऊन तक्रार करून गेले. आहेत इथं. मान खाली घालू नका हो! सर तुमच्यासाठीसुद्धा वाचत होते.

आणि सरांचं वाचन म्हणजे काय, प्रत्येक बातमीला शेरा. वहिनी वैतागायच्या, "अहो, बातमी तेवढी वाचा. तुमचं काय म्हणणं आहे ते मला चाळीस वर्षं पाठ आहे." सर म्हणायचे, "पाठ आहे तर म्हणून दाखव." आणि वहिनी खरंच म्हणून दाखवायच्या! हुबेहूब. मी तिथं बसून पोट धरून हसलेय.

गेल्या आठवड्यातही ते असेच बसले होते. चहा झाला होता. सर वाचत होते. पहिलं पान झालं. आतलं पान उलटल्याचा आवाज झाला. आणि सर थांबले. वहिनींना वाटलं, शेरा जुळवतायत. वहिनी म्हणाल्या, "वाचा ना पुढं."

थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "वाचा ना."

...

पाणी नको. बोलते मी. थांबते जरा.

मंडळी, आता जे सांगायचंय ते मी मेधाला विचारून सांगतेय. मेधा गुणी मुलगी आहे, आणि जावईबापूंसारखा जावई मिळायला भाग्य लागतं. दोघांनी ठरवलंय की आईला कोथरूडला आपल्याकडं न्यायचं. त्यांचं चुकतंय का? मुळीच नाही. कोणतीही मुलगी हेच करेल. दोघंही दिवसभर नोकरीवर असतात, तरी एक बाई ठेवू, सगळं करू म्हणतायत. भाऊबंदांनीही मान डोलावली. सगळ्यांचं एकमत झालं.

फक्त वहिनींना कुणी विचारलं नाही.

परवा मी विचारलं. म्हटलं, वहिनी, तुमची पहिली पसंती काय?  वहिनींनी हातानं भिंत चाचपली आणि म्हणाल्या, "शशिकला, इथं हात लांब केला की कुठं काय लागतं ते मला ठाऊक आहे. मेधाच्या घरी मी पाहुणी असेन, आणि पाहुण्यानं दिवसभर एका जागी बसायचं असतं. इथं मी माझा चहा करते. मला आंधळेपणाची भीती नाही गं. मला सकाळची भीती वाटते. चहा झाला की पुढं काय?"

मी रात्रीचं जेवणही जेवले नाही त्या दिवशी. सारखं तेच डोक्यात. चहा झाला की पुढं काय?

आणि मग मला सरांचं ते वाक्य आठवलं. त्या कोथरूडच्या जिन्यातलं. मत दिलेलं असतं. मोजलं नाही, म्हणून दिलं नाही असं होत नाही.

मंडळी, तुमच्यापैकी किती जणांनी सरांना शब्द दिला होता? "सर, दुसरं मत तुम्हालाच." दारात उभं राहून, चहा पाजून, हसत हसत दिला होता ना? आणि बऱ्याच जणांनी पाळलाही असेल. पण तुमचे पहिल्या पसंतीचे उमेदवार शेवटपर्यंत टिकले, म्हणून तुमचा तो दोन कुणी उघडूनच पाहिला नाही. तो तसाच राहिला. बंद. त्या गठ्ठ्यात सरांची किती मतं पडून राहिली असतील, याचा मी परवापासून विचार करतेय. मला आयुष्यभर वाटत आलं की ती वाया गेली. मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं, मेहनत पाण्यात गेली म्हणून.

नाही गेली. आज उघडायची.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. वहिनी, ऐका. सर गेले. या निवडणुकीचा नियम असा की, एक बाद झाला की त्याचं सगळं त्याच्या दुसऱ्या पसंतीकडं जातं. सरांनी त्यांच्या सगळ्या माणसांकडून दोन नंबरला माझं नाव लिहून घेतलं होतं. मी साक्षीदार आहे, माझ्या डोळ्यांदेखत मोजलंय. तेव्हा आता पाळी माझी. सोमवारी सकाळी चहा झाला की गॅलरीतल्या त्या खुर्चीत मी बसणार. मला सरांसारखं वाचता येणार नाही. माझा आवाज चिरका आहे आणि मी इंग्रजी नावं चुकवते. शेरे मात्र मारीन. ते तुम्हाला पाठ नसतील, एवढाच फरक.

काय म्हणालात वहिनी? ... मंडळी, वहिनी म्हणतायत, "लांबण लावू नकोस, आणि सोमवारी वेळेवर ये." ऐकलंत? म्हणजे अर्ज मंजूर झाला!

मेधा, रडू नकोस गं. तू मघाशी मला काय म्हणालीस ते सांगू का सगळ्यांना? म्हणाली, "मावशी, रोज कुणीतरी येणार असेल, तर आई इथं राहू दे. रविवार माझा." म्हणजे रविवार गेला. सोमवार माझा. मधले वार रिकामे आहेत.

सरांनी विधान परिषदेत जाऊन जे मागायचं ठरवलं होतं ते फार मोठं नव्हतं. रोज तासभर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक माणूस. सरकारला नाही जमलं. आपल्याला काय अवघड आहे? आपण सगळे पदवीधर आहोत म्हणे.

आता उभे राहू. सरांसाठी दोन मिनिटं शांत राहू. सर म्हणायचे की पुण्यात दोन मिनिटं म्हटलं की माणसं एका मिनिटात घड्याळ बघतात. आज बघू नका. पुरी दोन पाळा. डोळे मिटलेत तर फार बरं, म्हणजे वहिनी जिथं बसल्यात तिथून हे सभागृह कसं वाटतं ते कळेल.

आणि ती दोन मिनिटं झाली की लगेच चपला शोधायला धावू नका. एकेक जण वहिनींच्या पुढ्यात जा. त्यांना तुम्ही दिसणार नाही. म्हणून नमस्कार केलात की आधी आपलं नाव सांगा.

मग वार सांगा.

नातूसर, तुमच्या विरोधी उमेदवाराचा नमस्कार.